लाईट गेली की टेक घ्यायचा: बँडवाल्याने गावच्या घरात लो-फाय सोलो अल्बम कसा करावा

मी बँडमध्ये बेस वाजवतो. म्हणजे स्टेजवर मागे, ड्रमरच्या बाजूला, फोटोत अर्धा कापला जातो तो मी. बँड पुण्यात, घर देवगड तालुक्यात, आणि दोन हिवाळे मिळून मी आमच्या जुन्या कौलारू घरात नऊ गाण्यांचा अल्बम एकट्याने रेकॉर्ड केला, लो-फाय इंडी रॉक म्हणतात त्यातला, म्हणजे मोठ्या कंपनीशिवाय, साध्या सामानावर केलेला आणि गुळगुळीत न करता खडबडीतच ठेवलेला रॉक. तेव्हापासून अधूनमधून कोणीतरी विचारतंच की माईक कुठला, लॅपटॉप कुठला. लॅपटॉपने काही फरक पडत नाही हो. पण बाकी बऱ्याच गोष्टींनी पडतो आणि त्या मला कोणी सांगितल्या नव्हत्या, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतोय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी एक गैरसमज काढू. खराब रेकॉर्डिंग म्हणजे लो-फाय नाही. टेपची सरसर, खुर्चीची करकर, मागे पडणारा पाऊस, यातला प्रत्येक आवाज एकतर तुम्ही ठेवलेला असतो नाहीतर राहून गेलेला असतो, आणि ऐकणाऱ्याला हा फरक नाव सांगता आलं नाही तरी कळतो. मी पहिल्या हिवाळ्यात केलेली चार गाणी याच कारणाने फेकून दिली. त्यात सगळं राहून गेलेलं होतं.

बँडशी बोला, आणि गाणी सुरू करायच्या आधी बोला

ही पायरी लोक शेवटी ठेवतात आणि मग बोंब होते. सोलो अल्बम म्हटलं की बाकीच्यांच्या डोक्यात पहिला विचार येतो की हा चालला सोडून. १९७० च्या एप्रिलमध्ये पॉल मॅकार्टनीचा पहिला सोलो अल्बम आला तो बीटल्स फुटल्याच्या बातमीसकटच आला, त्यामुळे ती भीती अगदीच हवेतली नाही. पण त्याच अल्बमकडे आपल्या कामाच्या नजरेने बघा, बरीचशी गाणी त्याने घरी चार ट्रॅकच्या मशीनवर (ट्रॅक म्हणजे एकेका वाद्याचं किंवा आवाजाचं वेगळं रेकॉर्डिंग), मिक्सर न लावता, माईक थेट मशीनला जोडून केली होती आणि जवळजवळ सगळी वाद्यं स्वतः वाजवली होती. जगातल्या सगळ्यात मोठ्या बँडमधला माणूस, स्टुडिओ हात जोडून उभा, आणि तो घरी बसून हे करत होता!

तर बँडच्या ग्रुपवर सरळ लिहा की मी असं असं करतोय, बँडच्या तारखांना हात लागणार नाही, आणि ही ही गाणी घेतोय. गाण्यांची यादी द्याच. कारण खरी भांडणं तिथे होतात, प्रॅक्टिसला कधीतरी वाजवून सोडून दिलेल्या गाण्यांवरून. आपल्या कॉपीराइट कायद्यात शब्द वेगळे, चाल वेगळी आणि रेकॉर्डिंग वेगळं, तिन्हींचे हक्क वेगवेगळ्या माणसांकडे असू शकतात. चाल तुमची आणि कडव्यातली एक ओळ गिटारवाल्याची असेल तर ते गाणं तुमचं एकट्याचं नाही. माझ्या यादीत अशी दोन गाणी होती. एकात मी शब्द बदलले, दुसऱ्यात आमच्या गिटारवाल्याचं नाव रीतसर घातलं आणि किती टक्के ते मेसेजवर लिहून घेतलं. मित्राला असं विचारताना जीभ अडखळते, मान्य आहे, पण नंतर अडखळण्यापेक्षा बरं. बँडच्या जुन्या डेमोमधला तुकडा उचलून वापरणार असाल तर तेही विचारा, ते रेकॉर्डिंग सगळ्यांचं आहे.

गाणी कुठली घ्यायची

बँडने नाकारलेली सगळी गाणी सोलो अल्बममध्ये घालायची नाहीत. हा मोह जबरदस्त असतो, विशेषतः आपण बँडमध्ये मागे उभे असू तर. माझ्याकडे एकवीस होती. त्यातली निम्मी बँडने नाकारली कारण ती वाईट होती, आणि हे मान्य करायला मला एक अख्खा पावसाळा लागला.

माझी चाळणी साधी होती. गाणं फक्त एका गिटारवर, बसून, हळू आवाजात म्हणायचं आणि फोनवर रेकॉर्ड करायचं. आठवड्याने ऐकायचं. ऐकताना डोक्यात 'इथे ड्रम आले की मजा येईल' असं आलं तर ते गाणं बँडचं, ते बाजूला. काहीच घालावंसं वाटलं नाही तर ते तुमचं. एकवीसमधून अकरा उरली, शेवटी नऊ. एकूण तीस-बत्तीस मिनिटं. याहून लांब पहिला अल्बम कशाला करायचा.

आता शब्दांचं. मराठीत इंडी रॉक लिहिताना एक अडचण सगळ्यांना येते, इंग्रजी गाण्यांच्या ठेक्यावर मराठी ओळ बसवली की ती धापा टाकते. मी बरेच महिने तेच करत होतो. मग घरात गुरुवारच्या भजनाला बसलो असताना डोक्यात ट्यूब पेटली. मोठ्या अभंगात चार चरण, अक्षरं सहा, सहा, सहा आणि शेवटी चार. म्हणजे चार बारमध्ये (बार म्हणजे ठेक्याचं एक आवर्तन) ओळ टाकली की शेवटच्या बारमध्ये आपोआप मोकळी जागा राहते, तिथे गिटारने उत्तर द्यायचं. आजीच्या जात्यावरच्या ओव्यांचंही तसंच, शेवटचा चरण आखूड. अल्बममधली पाच गाणी या मापावर आहेत आणि कोणालाही ती अभंगासारखी वाटत नाहीत, मापच तेवढं आहे. दोन गाणी मालवणीत आहेत, ती मुद्दाम नाही केली, तशीच आली.

कधी रेकॉर्ड करायचं: कोकणचं कॅलेंडर

शहरातल्या माणसाला वाटतं गाव म्हणजे शांतता. या एकदा. पहाटे बोटींची इंजिनं, मग कोंबडे, मग पंप, मग शेजारचा टीव्ही, रात्री रातकिडे. त्यामुळे महिने निवडावे लागतात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगले. हवा कोरडी, पंखा लागत नाही, गिटारचं ट्यूनिंग टिकतं. मार्चमध्ये शिमगा, ढोल गावभर फिरतो, तेव्हा रेकॉर्डिंग विसरा आणि पालखी नाचवायला जा. एप्रिल-मे हापूसचा, घरात पेट्या भरणारे लोक, अंगणात टेम्पो, वर चाकरमानी आलेले, आणि उकाडा असा की हाताचा घाम गिटारच्या दांड्यावर, फ्रेटबोर्डवर उतरतो. जून ते सप्टेंबर पाऊस. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते त्यामुळे पहाटेची इंजिनं थांबतात, हा एक फायदा, पण कौलांवर पाऊस सुरू झाला की माजघरात बोललेलं ऐकू येत नाही. हा काळ मी लिहायला आणि मिक्सिंगला, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र जुळवायला ठेवतो. गणपतीत अकरा दिवस आरत्या आणि डबलबारी, तेव्हा परत सुट्टी. ऑक्टोबरचा उकाडा कसाबसा काढायचा.

म्हणजे वर्षातले हातात चार महिने. ऐकायला कमी वाटतात पण मला त्यांचा फायदाच झाला. शिमग्याआधी संपवायचं हे ठरलेलं असलं की गाण्यावर तीन-तीन आठवडे घासाघीस होत नाही.

सामान

दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माईक आणि गिटार लॅपटॉपला जोडणारा डबा, यूएसबीवरच चालणारा, वेगळा अडॅप्टर लागत नाही असा. का ते पुढे सांगतो, ही अट महत्त्वाची आहे. एक डायनॅमिक माईक, शुअरचा एसएम ५७ किंवा ५८, सेकंडहँड घेतला तरी चालतो, हे माईक सहजी मरत नाहीत. बंद कपांचा एक हेडफोन. रेकॉर्डिंगसाठी मी रीपर हे सॉफ्टवेअर वापरतो, साठ दिवस फुकट वापरून बघता येतं आणि जुन्या लॅपटॉपवरही पळतं.

कंडेन्सर माईक, म्हणजे जास्त नाजूक आणि बारीकसारीक आवाज पकडणारा, घेऊ का असं बरेच जण विचारतात. समुद्रापासून दोन किलोमीटरवर राहत असाल तर विचार करून घ्या. दमट हवेत त्याच्या कॅप्सूलवर ओल बसते आणि तो तडतडायला लागतो, शिवाय तो शेजारच्या घरातली फोडणीसुद्धा रेकॉर्ड करतो. माझ्याकडे एक आहे, पावसाळाभर तो घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत झोपलेला असतो. तांदळात ठेवू नका, पोरकिडे होतात आणि धूळ जाते आत. सिलिका जेलचे दाणे रंग बदलणारे मिळतात ते घ्या, रंग बदलला की तव्यावर मंद गरम करून परत वापरता येतात. गिटारसाठी आमच्याकडे जुनी पद्धत आहे, लाकडी कपाटात एक साधा पिवळा बल्ब लावून ठेवायचा. कपडे, कागदपत्रं, गिटार, सगळं त्याच कपाटात. बल्ब गिटारच्या अगदी जवळ मात्र नको.

कॅसेटवर करायचं का? हा प्रश्न लो-फायवाल्यांना पडतोच. टॅस्कॅमने १९७९ मध्ये पोर्टास्टुडिओ काढला, साध्या कॅसेटवर चार ट्रॅक, आणि स्टुडिओशिवाय अल्बम करायची वाट तिथून उघडली. ब्रुस स्प्रिंगस्टीनने १९८२ च्या जानेवारीत अशाच मशीनवर घरी डेमो केले, नंतर बँडला घेऊन तीच गाणी स्टुडिओत करून पाहिली, आणि अखेर त्या कॅसेटवरचीच गाणी अल्बम म्हणून आली. आज चालू स्थितीतलं पोर्टास्टुडिओ मिळणं अवघड आणि महाग आहे. पण घरात कुठेतरी जुना कॅसेट डेक असेल ना, भजनाच्या कॅसेट वाजवायचा? तो काढा. आतलं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसा. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीवर पांढरी पावडर दिसली तर ती बुरशी आहे, कोकणात हमखास असते, ती कॅसेट चांगल्या डेकमध्ये घालू नका, पुढच्या सगळ्या कॅसेटना लागते.

कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर पळते, खूपच हळू, म्हणून वरचे तीक्ष्ण आवाज बोथट होतात आणि सरसर येते. थोडा जास्त लेव्हलने आवाज आत पाठवला की टेप त्याला दाबून धरते, तो मऊ चुरगळलेला आवाज आपल्याला हवा असतो. पण मोटर एकसारख्या वेगाने फिरत नाही, त्यामुळे एकेक ट्रॅक कॅसेटवर नेऊन परत आणला तर तीन मिनिटांत तो बाकीच्यांपासून सुटतो. मी हे फक्त गिटारच्या छोट्या तुकड्यांना आणि शेवटी पूर्ण मिक्सला केलं. नऊपैकी चारच गाणी कॅसेटमधून गेलेली आहेत. बाकीच्यांना त्याची गरज नव्हती.

खोली

आमचं घर जांभ्या चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं, माजघरात अजून शेणाची जमीन. रेकॉर्डिंगला हे सोनं आहे आणि आमच्या घरच्यांना ते पाडून स्लॅबचं बांधायचंय. गिलावा न केलेला चिरा खडबडीत, भोकाभोकांचा असतो, आवाज त्यावर आपटून विखुरतो. कौलांच्या फटींतून बराच आवाज वर निघून जातो. स्लॅबच्या, टाईल्स लावलेल्या खोलीत टाळी वाजवून बघा, टणटण असा शेपूट येतो. माजघरात टाळी वाजवली की संपते.

तर पहिलं काम, घरभर टाळ्या वाजवत फिरा. घरचे विचारतील, सांगा. ओटी, पडवी, माजघर, माळा, बाथरूमसुद्धा. आमच्या घरात गाणं म्हणायला माजघर, अकूस्टिक गिटारला पडवी आणि ड्रमसारखं काही वाजवायला माळा असं ठरलं. फ्लॅटमध्ये किंवा नव्या घरात असाल तर भिंतीपासून दूर, पाठीमागे दोरीवर गोधड्या टाकून बसा. गोधडी गायकाच्या पाठीमागे हवी, माईकच्या मागे नाही, कारण माईकचं तोंड तुमच्याकडे असतं आणि तुमच्या मागच्या भिंतीवरून परतलेला आवाज तो घेतो. हे मला फार उशिरा कळलं.

लाईट गेली की बसा

आता मुख्य मुद्द्यावर येतो. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये पहिल्या वर्षी एक बारीक घूंऽऽ होती. केबल बदलली, माईक बदलला, जात नव्हती. ती विजेची होती, आपल्याकडची लाईट ५० हर्ट्झची, तिची घुरघुर ५० आणि १०० वर ऐकू येते, आणि गावातल्या जुन्या वायरिंगला अर्थिंग धड नसलं की ती जास्तच. वैतागून एका संध्याकाळी बसलो असताना लाईट गेली. लॅपटॉप बॅटरीवर, इंटरफेस यूएसबीवर. हेडफोनमध्ये एकदम सगळं बसल्यासारखं झालं. घूं गेली, फ्रिज बंद, शेजारचा टीव्ही बंद, पंप बंद, रस्त्यावरच्या दिव्याचा चोक बंद. मेणबत्ती लावून मी त्या रात्री तीन गाण्यांचं गायन पूर्ण केलं, आणि ते तिन्ही टेक (एका दमात केलेलं रेकॉर्डिंग म्हणजे टेक) अल्बममध्ये आहेत.

तेव्हापासून माझी रीत ठरली. लॅपटॉप कायम पूर्ण चार्ज, प्रोजेक्ट उघडलेला, माईक लावलेला, आणि लाईट जायची वाट बघायची. कोकणात फार वाट बघावी लागत नाही. लाईट असतानाही चार्जर काढूनच टेक घ्यायचा, निम्मी घूं तिथेच जाते. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा, स्वस्त इन्व्हर्टरची वीज इतकी खडबडीत असते की गिटारच्या पिकअपमध्ये मधमाश्यांचं पोळं उठतं. आणि एक गोष्ट करूच नका, घूं जावी म्हणून प्लगची अर्थिंगची पिन तोडायची. अँप आणि माईक दोन्ही हातात असताना शॉक बसला तर अल्बम राहिला बाजूला. ग्राउंड लिफ्ट असलेला डीआय बॉक्स घ्या, गिटार आणि इंटरफेसच्या मध्ये लावायचा छोटा डबा, त्यासाठीच असतो तो.

लाईट असताना फ्रिज बंद करायचा असेल तर स्कूटरची चावी फ्रिजमध्ये ठेवा. कुठे जायला निघालात की फ्रिज आठवतो. मी ही युक्ती शिकलो ती काकूंची सुरमई गेल्यावर. त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि बोलल्या तेव्हा जे बोलल्या ते इथे लिहिता येणार नाही.

टेक घेणं

सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. लेव्हल कमी ठेवा, मोठ्यात मोठा आवाज उणे दहा डेसिबलच्या आसपास गेला की पुरे. २४ बिटमध्ये लेव्हल नंतर वाढवता येते, फाटलेला आवाज मात्र शिवता येत नाही. फाटका आवाज हवा असेल तर अँपमध्ये फाडा, इंटरफेसमध्ये नको, तिथला कर्कश्श लागतो.

मी स्वतःवर आठ ट्रॅकची मर्यादा घातली. रीपरमध्ये शंभर घेता येतात, पण मग निर्णय घ्यायचे राहतात. गिटार आणि आवाज एकत्र, एका दमात, एकाच माईकवर किंवा दोनांवर, हा पाया. अकूस्टिकला माईक बाराव्या फ्रेटसमोर एक वीत अंतरावर, होलच्या समोर नको, तिथून बदबद येते. गाताना माईक तोंडापासून चार बोटं ते एक वीत. चार बोटांवर आलात की खालचा सूर जाड होतो आणि कानात कुजबुजल्यासारखं होतं, लो-फायला ते शोभतं, पण आपल्या मराठीतले च, स, श माईकवर टोचतात. माईक जरा तिरका धरा, ओठांच्या कोपऱ्याकडे, बरंच जातं. आणि 'ळ' नीट म्हणा प्लीज, हळू गाताना सगळेजण 'ल' करतात.

क्लिक, म्हणजे ठेका धरून ठेवायला कानात वाजणारी टिकटिक, लावायचा का? मी दोनच गाण्यांना लावला. क्लिकवर माझं गाणं बँकेच्या रांगेत उभं असल्यासारखं वाटत होतं. पण क्लिक नसेल तर नंतर वरून ड्रम वाजवणं महाकठीण, तेव्हा आधी ठरवा, ठेका वरून टाकायचा असेल तर पायाने जमिनीवर ठोकून त्याचाच एक ट्रॅक करून ठेवा.

ड्रम. मी ड्रमर नाही, घरात ड्रमसेट नाही. हापूसची जुनी लाकडी पेटी उलटी करून, वर जाड टॉवेल टाकून पायाच्या मऊ भागाने मारली, ती किक, म्हणजे ड्रमसेटमधला खालचा मोठा धडधड ड्रम. मासळीच्या प्लास्टिकच्या क्रेटवर केरसुणीच्या हिरांची जुडी, तो स्नेअर, म्हणजे कडक फटका देणारा ड्रम. दोन करवंट्यांत थोडे तांदूळ घालून चिकटपट्टी, तो शेकर. एकच माईक, वाजवणाऱ्याच्या गुडघ्याच्या उंचीवर, हातभर लांब. लेव्हल जुळवायची तर माईक हलवायचा नाही, जे मोठं वाजतं ते लांब सरकवायचं. पखवाज वापरावा असंही डोक्यात आलं होतं, वाडीत दशावतारात वाजवणारे एकजण आहेत, ते आले, वाजवलं, आणि इतकं भारी वाजवलं की माझं गाणं त्याखाली दिसेना. तो टेक ठेवलाय जपून, त्याच्यासाठी वेगळं गाणं करावं लागेल.

आपलं स्वतःचं वाद्य ही सोलो अल्बममधली सगळ्यात मोठी भानगड. मी बेसवाला, मला वाटलं बेस तर अर्ध्या तासात होईल. प्रत्येक गाण्यात मी इतका वाजवून ठेवला होता की गाणाऱ्या आवाजाला जागाच नव्हती, बँडमध्ये दोन गिटार आणि ड्रमच्या गर्दीत जे लागतं ते इथे आरडाओरडा वाटत होतं. शेवटी नऊपैकी तीन गाण्यांतून बेस पूर्ण काढला. उरलेल्यांत बहुतेक ठिकाणी बारला एकच सूर आहे. ड्रमर असाल तर तुमचं हे ड्रमच्या बाबतीत होईल, लीड गिटारवाले असाल तर देव तुमचं भलं करो.

टेक तीनच. तिसऱ्यातही नाही जमलं तर उद्या. चूक झाली तरी थांबायचं नाही, शेवटपर्यंत म्हणायचं, माझ्या एका गाण्यात दुसऱ्या कडव्याचा शब्द चुकलाय आणि चुकलेला शब्दच जास्त बरोबर आहे.

पाऊस, बेडूक, समुद्र

कोकणात लो-फाय करताय म्हणजे पाऊस येणारच. दोन प्रकारे येतो. आवाजाच्या माईकमध्ये घुसलेला पाऊस हा राहून गेलेला, तो काढता येत नाही, कारण तो पांढऱ्या सरसरीसारखा सगळ्या पट्टीत पसरलेला असतो आणि शब्दांची टोकं खातो. वेगळा रेकॉर्ड केलेला पाऊस हा ठेवलेला. फोन घेऊन पडवीत बसा, कौलांच्या पागोळ्या पडतात त्याच्यापासून दोन हात आत, आणि दहा मिनिटं काही न बोलता रेकॉर्ड करा. मिक्समध्ये १५० हर्ट्झच्या खालचं कापा आणि पाऊस इतका खाली ठेवा की बंद केल्यावर कळावं की काहीतरी होतं. काकूंना पहिला मिक्स ऐकवला तर त्या म्हणाल्या, "मेल्या, ह्या गाणा आसा काय पाऊस पडताहा?" त्यानंतर मी पाऊस सहा डेसिबल खाली आणला.

समुद्र किनाऱ्यावर उभं राहून रेकॉर्ड केला तर नुसता वारा येतो. माईकला जाड मोजा घाला आणि सुरूच्या झाडांच्या मागे, वाऱ्याच्या आडोशाला बसा. किंवा रात्री अंगणातूनच घ्या, दोन किलोमीटरवरची गाज. ती किनाऱ्यावरच्या लाटेपेक्षा जास्त समुद्रासारखी वाटते. बेडूक पहिल्या पावसाच्या रात्रीचे घ्या, नंतरचे कंटाळवाणे असतात. आणि जुन्या रेकॉर्डची तडतड टाकणारे प्लगइन मिळतात ते कृपया नको. तुमच्या घरात ग्रामोफोन कधी होता?

मिक्सिंग

महिनाभर ऐकू नका. मी रेकॉर्डिंग फेब्रुवारीत संपवलं आणि मिक्स जूनमध्ये उघडला.

आधी मोनोमध्ये, म्हणजे दोन्ही कानांत एकसारखं. सगळं मध्ये ठेवून प्रत्येक वाद्य ऐकू येतंय का बघा, येत नसेल तर इक्वलायझर (जाड-बारीक सूर कमीजास्त करणारं बटण) लावायच्या आधी एखादं वाद्य बंद करून पाहा. गाणाऱ्याचा आवाज ८०-१०० हर्ट्झच्या खाली कापा, तिथे फक्त पायाची धडधड असते. लो-फायचा तो मऊपणा हवा तर पूर्ण मिक्सवर १०-१२ किलोहर्ट्झच्या वरचं हळूच उतरवा. कॉम्प्रेसर, म्हणजे मोठे आवाज दाबून लहानमोठ्यातला फरक कमी करणारा, थोडा. रिव्हर्ब, म्हणजे खोलीचा घुमारा आणणारा इफेक्ट, मी कुठलाच वापरला नाही, गिटारचा ट्रॅक स्पीकरवर माळ्यावर वाजवला आणि खाली माजघरात माईक लावून परत रेकॉर्ड केला, तोच आमचा रिव्हर्ब.

ऐकायचं कुठे? हेडफोनवर, फोनच्या स्पीकरवर, आणि एकदा चालत्या एसटीत. देवगड ते कणकवली एसटीत शब्द कळले तर मिक्स जमला.

आवाज मोठा करायच्या मागे लागू नका. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसला (आवाज कानाला किती मोठा वाटतो ते मोजायचं माप) आणून वाजवतं, त्यामुळे दाबून दाबून मोठा केलेला मास्टर, म्हणजे शेवटची तयार फाईल, तिथे खालीच आणला जातो आणि दाबल्याचा चुराडा तेवढा उरतो. ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं सगळ्यात उंच टोक, उणे एक डेसिबलच्या खाली ठेवा. मास्टरिंग जमलं तर दुसऱ्या कोणाकडून करून घ्या, माझं आमच्या बँडच्या ड्रमरने केलं, कारण तो माझ्या बेसबद्दल सगळ्यात कमी हळवा आहे. प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती, एक घराबाहेर. खाऱ्या हवेत हार्ड डिस्कचे कनेक्टर गंजतात.

बाहेर काढणं

डिस्ट्रिब्युटर, म्हणजे स्पॉटिफायसारख्या ॲपवर गाणी चढवून देणारी कंपनी, कुठलीही घ्या, पण वर्षाचे पैसे भरायचे थांबलात तर गाणी काढतात का, हे आधी वाचा. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटची डब्ल्यूएव्ही फाईल आणि ३००० बाय ३००० पिक्सेलचं कव्हर तयार ठेवा. नाव देताना शोधून बघा, तुमच्याच नावाचा दुसरा गायक असेल तर गाणी त्याच्या पानावर जाऊन बसतात आणि ती परत आणायला जीव जातो. गाण्याचं नाव देवनागरीत ठेवलं तर रोमन स्पेलिंगही कुठेतरी द्या, लोक फोनवर तसंच शोधतात. प्रत्येक गाण्याला आयएसआरसी नावाचा बारा अक्षरांचा नंबर लागतो, तो बहुतेक डिस्ट्रिब्युटरच देतात, लिहून ठेवा. शब्द आणि चाल तुमची असेल तर आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व घ्या, रेकॉर्डिंगच्या पैशांपेक्षा ते वेगळे पैसे असतात.

फाईल महिनाभर आधी चढवा. स्पॉटिफायच्या संपादकांना गाणं सुचवायचं तर रिलीजच्या किमान सात दिवस आधी सुचवावं लागतं. पैशांची मात्र आशा नको, २०२४ पासून वर्षाला हजार स्ट्रीमच्या खाली असलेल्या गाण्याला तिथे रॉयल्टीच मिळत नाही. बँडकँप, म्हणजे कलाकाराने थेट गाणी विकायची साईट, चांगलं आहे पण ते पेपॅलवर चालतं, आणि पेपॅलने एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात पैसे घेणं बंद केलंय. म्हणून माझी रीत अशी: परदेशातल्यांना बँडकँप, इथल्यांना यूपीआय आणि बदल्यात फाईल, सोबत शब्दांची झेरॉक्स काढलेली छोटी वही. वहीवर सावंतवाडीच्या लाकडी खेळण्याचा मी काढलेला फोटो आहे. वह्या फाईलपेक्षा जास्त गेल्या.

बँडचं काही येणार असेल त्याच्या आगेमागे महिनाभर आपला अल्बम काढू नका. आणि बँडच्या पेजवरून सारखी जाहिरात नको, एकदा पुरे.

एकट्याने वाजवायचं झालं तर लूप पेडलच्या (वाजवलेला तुकडा परत परत वाजवत ठेवणारं पायाचं यंत्र) नादी सगळे लागतात, मीही लागलो. दोन गाणी ठीक, तिसऱ्याला लोक फोन काढतात. आता मी एक गिटार, पायाखाली ती आंब्याची पेटी, आणि एका गाण्यापुरता कॅसेट डेक घेऊन जातो. पहिला कार्यक्रम आमच्याच खळ्यात झाला, डिसेंबरात, वाडीतले पंचवीसेक लोक आणि पुण्याहून आलेला सगळा बँड. चौथ्या गाण्याला लाईट गेली. पेटी होती, गिटार होती, कोणी उठलं नाही, आणि गिटारवाल्याने ज्या गाण्यात त्याचं नाव आहे ते मागून म्हणायला घेतलं.